सार्वजनिक नाताळवृक्ष दीपप्रज्वलन

सार्वजनिक नाताळवृक्ष दीपप्रज्वलन हा मुख्यतः अमेरिकेत व कॅनडात नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंतच्या काळात होणारा सामुदायिक सोहळा आहे. शहरातील किंवा वस्तीतील चौकात, उद्यानात अथवा नगरभवनासमोर उभारलेल्या सूचिपर्णी वृक्षावरील विजेचे दिवे ठरलेल्या सायंकाळी जमलेल्या लोकांसमोर एकाच वेळी उजळले जातात. दिवे लागण्याच्या आधी व नंतर उपस्थितांनी मिळून कॅरोल, म्हणजे नाताळगीते, गाण्याची प्रथा आहे. या सोहळ्याचा आरंभ १९१२ मध्ये न्यू यॉर्क व बॉस्टन या शहरांत झाला, असे सामान्यतः मानले जाते. ज्यांच्या घरी झाड नाही, किंवा ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठीही एक झाड असावे हा त्यामागील मूळ हेतू होता. ‘सर्वांचे झाड’ या कल्पनेत नेमके कोण येते, हा प्रश्न मात्र तेव्हापासून या सोहळ्याला चिकटून राहिला आहे.

पार्श्वभूमी

घरात सजवलेले झाड ठेवण्याची प्रथा जर्मन भाषिक प्रदेशांतून इतरत्र पसरली. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट व त्यांची मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी तेच चित्र राणीचा मुकुट व अल्बर्टच्या मिशा पुसून एका अमेरिकी मासिकाने छापले, आणि राजघराण्यातले झाड सामान्य मध्यमवर्गीय घरातले झाड झाले. जर्मन स्थलांतरितांच्या घरांत ते त्याआधीच रुजलेले होते.

त्या काळी झाडावर मेणबत्त्या लावत. वाळत चाललेल्या फांद्या आणि उघडी ज्योत यांच्या संयोगाने आगी लागत, म्हणून मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवून शेजारी पाण्याची बादली ठेवण्याची रीत होती. २२ डिसेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यू यॉर्कमधील आपल्या घरी ८० लाल, पांढऱ्या व निळ्या विजेच्या दिव्यांनी झाड सजवले. हे झाड स्वतःभोवती फिरतही असे. विजेचे दिवे तेव्हा अतिशय महाग होते व तारा जोडण्यासाठी कुशल कामगार लागे. १९०३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आधीच जोडलेल्या दिव्यांच्या माळा विकण्यास काढल्या. उघड्यावर, वाऱ्या-बर्फात मेणबत्त्या टिकल्या नसत्या. त्यामुळे सार्वजनिक नाताळवृक्ष हा सर्वार्थाने विजेच्या युगाचा उत्सव आहे.

गाण्याची परंपरा याहून बरीच जुनी आणि काहीशी दांडगाईची आहे. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत गरीब लोकांचे जथे श्रीमंतांच्या दाराशी जाऊन गात आणि त्याबदल्यात खाद्य, पेय किंवा पैसे मागत. मागणी पुरी न झाल्यास गाण्याची जागा शिवीगाळ घेई. प्युरिटन पंथीयांना हा सण मुळातच नापसंत होता. मॅसेच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला, तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. एकोणिसाव्या शतकात डेव्हिस गिल्बर्ट (१८२२) व विल्यम सँडिस (१८३३) यांनी लुप्त होत चाललेली इंग्रजी नाताळगीते संकलित करून छापली आणि दारोदार फिरणाऱ्यांची गाणी चर्चमध्ये व सुशिक्षित घरांत आली. अमेरिकेत १८७० मध्ये नाताळ संघराज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत दाखल झाला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बॉस्टनच्या बीकन हिल या वस्तीत नाताळच्या आदल्या रात्री खिडक्यांत मेणबत्त्या ठेवून रस्त्याने गात फिरण्याची पद्धत रूढ झाली. सेंट लुइस शहरात १९११ पासून गायकांचे गट घरोघरी जाऊन निराधार मुलांसाठी निधी जमवू लागले. मागणारे आणि देणारे यांची जुनी अदलाबदल येथे पूर्ण झालेली दिसते: आता सुस्थितीतील लोक गात होते आणि पैसा गरिबांकडे जात होता.

१९१२: मॅडिसन स्क्वेअर

न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर उद्यानात २४ डिसेंबर १९१२ रोजी लावलेला वृक्ष अमेरिकेतील पहिला सार्वजनिक नाताळवृक्ष म्हणून ओळखला जातो. ही कल्पना एमिली हेरेशॉफ यांची होती. ज्या कुटुंबांना स्वतःचे झाड आणणे परवडत नाही, त्यांच्यासाठी शहराने उघड्यावर एक झाड उभारावे, असे त्यांचे म्हणणे होते. ॲडिरॉन्डॅक डोंगरातून सुमारे ६० फूट उंचीचे झाड आणण्यात आले, आणि दिव्यांची व्यवस्था एडिसन कंपनीने केली. सायंकाळी दिवे लागले तेव्हा गायकवृंदांबरोबर जमलेल्या लोकांनी गीते म्हटली. या झाडाला ‘प्रकाशाचा वृक्ष’ असे नाव मिळाले.

त्या काळचे न्यू यॉर्क लक्षात घेतल्यास या कल्पनेचे वजन कळते. नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांची कुटुंबे चाळीवजा इमारतींतील एक-दोन खोल्यांत दाटीवाटीने राहत होती, आणि उद्यानातील बाकांवर रात्र काढणारे बेकार लोक नेहमीचेच होते. झाड दिवाणखान्यातून उद्यानात आल्याने उत्सवाची जागाच बदलली. त्यासाठी कोणाचे आमंत्रण लागत नव्हते. या घटनेची आठवण म्हणून १९१६ मध्ये उद्यानात खांबावर बसवलेला ‘आशेचा तारा’ हे त्या आरंभाचे स्मारक मानले जाते.

त्याच सायंकाळी बॉस्टन कॉमन या मैदानातही झाड उजळले. कनेटिकट राज्यातील हार्टफर्डनेही त्याच वर्षी असा सोहळा केला. त्यामुळे ‘पहिला’ या किताबावर एकाहून अधिक शहरांचा दावा आहे. पुढील काही वर्षांत ही प्रथा झपाट्याने पसरली. याच काळात समाजाला एकत्र आणण्याचे साधन म्हणून समूहगायनाची चळवळ जोरात होती आणि शहरांना वीज पुरवणाऱ्या कंपन्यांनाही दिव्यांचे असे प्रदर्शन सोयीचे होते. दातृत्व आणि जाहिरात यांची सरमिसळ या सोहळ्यात आरंभापासून आहे.

राष्ट्रीय वृक्ष

वॉशिंग्टन, डी.सी. येथील ‘राष्ट्रीय सामुदायिक नाताळवृक्ष’ प्रथम २४ डिसेंबर १९२३ रोजी उजळला. कल्पना शहराच्या सार्वजनिक शाळांच्या समाजकेंद्र विभागातील ल्युक्रेशिया हार्डी यांची होती. व्हरमॉन्ट राज्यातील मिडलबरी महाविद्यालयाने ४८ फूट उंचीचे बाल्सम फर जातीचे झाड पाठवले आणि त्यावर लाल, पांढरे व हिरवे असे २,५०० दिवे लावण्यात आले. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी सायंकाळी पाच वाजता दिवे लावले. मितभाषी म्हणून ख्यात असलेल्या कूलिज यांनी भाषण केले नाही. बाकीचा कार्यक्रम गाण्याचा होता.

नावात ‘सामुदायिक’ शब्द असला तरी त्या रात्री समुदाय एक नव्हता. राजधानीत तेव्हा वर्णभेद पाळला जात होता, आणि कृष्णवर्णीय नागरिकांना झाडापाशी येऊन गाण्यासाठी रात्री उशिराची वेगळी वेळ देण्यात आली. या सोहळ्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात हा तपशील बहुधा गाळला जातो.

पुढे हा वृक्ष राष्ट्राच्या मनःस्थितीचा दर्शक बनत गेला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी, २४ डिसेंबर १९४१ रोजी, व्हाइट हाउसच्या प्रांगणात झालेल्या समारंभास राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासोबत ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल उपस्थित होते. १९४२ ते १९४४ या युद्धवर्षांत झाड उभारले, पण दिवे लावले नाहीत. १९६३ मध्ये जॉन केनेडी यांच्या हत्येनंतरचा दुखवटा संपेपर्यंत प्रज्वलन २२ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आले. १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी दूतावासातील कर्मचारी ओलीस असल्याने मुख्य झाडावर केवळ शेंड्याचा तारा उजळला. १९८० मध्ये ओलिसांच्या कैदेच्या प्रत्येक दिवसासाठी एक सेकंद, याप्रमाणे ४१७ सेकंद दिवे लावून ते विझवण्यात आले. दिवे न लावणे हाही या सोहळ्याचा एक प्रकार ठरला तो असा.

न्यू यॉर्कमधील रॉकफेलर सेंटरचे झाड आज सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्याचा आरंभ मात्र साधा होता. महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, तेथे बांधकामावर असलेल्या कामगारांनी वर्गणी काढून सुमारे २० फुटांचे झाड आणले आणि क्रॅनबेरीच्या व कागदाच्या माळांनी ते सजवले. अधिकृत प्रज्वलन १९३३ पासून सुरू झाले.

भेट म्हणून आलेली झाडे

काही ठिकाणचे झाड ऋणाची परतफेड म्हणून येते. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात स्फोटकांनी भरलेल्या ‘माँ-ब्लाँ’ या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन प्रचंड स्फोट झाला. त्यात १,७०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बॉस्टनहून डॉक्टर, परिचारिका व साहित्य घेऊन तातडीने आगगाडी निघाली आणि हिमवादळातून वाट काढत पोहोचली. कृतज्ञता म्हणून नोव्हा स्कोशिया प्रांताने १९१८ मध्ये बॉस्टनला झाड पाठवले, आणि १९७१ पासून ही भेट दरवर्षी येते. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील झाड दुसऱ्या महायुद्धातील मदतीबद्दल ऑस्लो शहराकडून १९४७ पासून येत आहे. तेथेही झाडाखाली अनेक सायंकाळी गायकवृंद गातात.

वस्तीतील सोहळ्याचे स्वरूप

राजधानीतील किंवा दूरचित्रवाणीवरील समारंभांपेक्षा लहान गावांतील व वस्त्यांतील सोहळे संख्येने कितीतरी अधिक आहेत. ते बहुधा थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी अथवा डिसेंबरच्या पहिल्या आठवडाअखेरीस होतात. उत्तरेकडील राज्यांत त्या सुमारास साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे लहान मुलांना जागवावे न लागता पुरेसा अंधार मिळतो. झाड स्प्रूस, फर अशा जातींचे, तोडून आणलेले किंवा चौकात कायमचे लावलेले असते. शिडीच्या गाडीतून दिव्यांच्या माळा चढवण्याचे काम नगरपालिकेचे वीज कर्मचारी, अग्निशमन दल किंवा स्वयंसेवक कित्येक दिवस आधी उरकतात. माळा आतून खोडाकडून बाहेर फांद्यांच्या टोकांकडे नेल्यास झाड आतूनही उजळलेले दिसते, तर नुसत्या बाहेरून गुंडाळल्यास ते पिंजऱ्यासारखे दिसते. एलईडी दिव्यांमुळे विजेचा खर्च पूर्वीच्या मानाने फारच घटला आहे.

कार्यक्रम साधारण तासाभराचा असतो. गरम कोको व सफरचंदाचा रस वाटला जातो, शाळेचा गायकवृंद किंवा पितळी वाद्यांचा ताफा दोन-चार गीते सादर करतो, आणि अग्निशमन दलाच्या बंबावर बसून सांताक्लॉज येतो. महापौर किंवा एखादे मूल दहापासून उलट मोजणी सुरू करते आणि शून्यावर दिवे लागतात. कित्येक ठिकाणी याच वेळी गरजूंसाठी खेळणी, गरम कपडे किंवा डबाबंद अन्न गोळा केले जाते. १९१२ च्या हेतूचा हा सर्वांत थेट वारसा आहे.

समूहगायन

दिवे लागण्याला क्षणभर लागतो. लोकांना तेथे थांबवून ठेवते ते गाणे. उपस्थितांना गीतांचे छापील कागद वाटले जातात. स्वर मुद्दाम खाली धरतात, कारण गायकवृंदाच्या उंच पट्टीत सामान्य माणसाचा गळा पोहोचत नाही. पहिले कडवे बहुतेकांना पाठ असते, दुसऱ्या कडव्याला आवाज निम्म्यावर येतो आणि ध्रुपदाला पुन्हा चढतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. थंडीत पितळी वाद्यांचा सूर उतरतो व बोटे आखडतात, त्यामुळे वादकांच्या वाट्याला या सायंकाळचा कठीण भाग येतो.

गायली जाणारी गीते दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार धार्मिक: ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे १८१८ मध्ये प्रथम गायले गेलेले ‘सायलेंट नाइट’, आयझॅक वॉट्स यांचे १७१९ मधील ‘जॉय टू द वर्ल्ड’, फिलिप्स ब्रुक्स यांनी १८६८ मध्ये फिलाडेल्फियात लिहिलेले ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ इत्यादी. दुसरा प्रकार ऋतूविषयक. त्यातील ‘जिंगल बेल्स’ हे जेम्स पिअरपाँट यांचे १८५७ मधील गीत बर्फावरच्या घसरगाडीचे असून त्यात नाताळचा उल्लेखच नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’चे कर्ते अर्व्हिंग बर्लिन हे रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित होते, आणि विसाव्या शतकातील इतर अनेक लोकप्रिय नाताळगीतेही ज्यू गीतकारांनी रचली आहेत. ज्या सणात आपण पाहुणे आहोत त्याला त्यांनी श्रद्धेऐवजी हिवाळा, घर आणि आठवण हे विषय दिले. अशा गीतांमुळे कोणत्याही धर्माच्या माणसाला चौकात उभे राहून गाता येणे सोपे झाले. जुनी गीते स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने त्यांचे कागद मुक्तपणे छापता येतात, नव्या गीतांसाठी परवानगीची आवश्यकता असते. लहान वस्त्यांच्या यादीत जुनी गीते अधिक असण्याचे हेही एक कारण आहे.

अल्टाडीनाचे देवदार

कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परगण्यात अल्टाडीना येथे सांता रोझा अव्हेन्यू हा रस्ता ‘ख्रिसमस ट्री लेन’ म्हणून ओळखला जातो. तेथे एका झाडाऐवजी दुतर्फा झाडांची संपूर्ण रांग उजळते. ही झाडे हिमालयातील देवदाराची आहेत. जॉन वुडबरी यांनी १८८० च्या दशकात आपल्या नियोजित हवेलीकडे जाणाऱ्या वाटेवर ती लावली. हवेली कधीच बांधली गेली नाही, झाडे मात्र वाढली. १९२० मध्ये स्थानिक व्यापारी फ्रेडरिक नॅश यांच्या पुढाकाराने त्यांवर प्रथम दिवे लागले आणि दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता ही प्रथा चालू राहिली. माळा चढवण्याचे काम रहिवाशांच्या संघटनेचे स्वयंसेवक करतात, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. देवदाराच्या फांद्या खाली झुकलेल्या असल्याने दिवे रस्त्यावर कमानीसारखे येतात. गाडीचे पुढचे दिवे मालवून त्याखालून सावकाश जाण्याची येथे रीत आहे.

७ जानेवारी २०२५ रोजी लागलेल्या ‘ईटन’ वणव्यात अल्टाडीनातील हजारो इमारती जळाल्या. या रस्त्यावरील देवदार मात्र बहुतांशी वाचले. घरे गमावून इतरत्र पांगलेल्या रहिवाशांच्या दृष्टीने ही झाडे वस्तीची उरलेली मोठी खूण ठरली.

नाव व कायदा

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही. सार्वजनिक जागेत, सार्वजनिक खर्चाने नाताळचे झाड उभारता येते काय, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘लिंच विरुद्ध डॉनेली’ खटल्यात सांताक्लॉज, झाड इत्यादींच्या सोबत मांडलेला ख्रिस्तजन्माचा देखावा ग्राह्य ठरवला. १९८९ मधील पिट्सबर्गच्या खटल्यात न्यायालयाच्या इमारतीतील जिन्यावर एकटाच मांडलेला असा देखावा घटनाबाह्य ठरला, तर दुसऱ्या शासकीय इमारतीबाहेर ४५ फुटी झाडाशेजारी ठेवलेला १८ फुटी ज्यू दीपवृक्ष ग्राह्य ठरला. नुसते झाड धार्मिक चिन्ह राहिलेले नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना ती सर्वस्वी सुखावणारी नव्हती. व्हाइट हाउसजवळ १९७९ पासून हनुक्का सणाचा सार्वजनिक दीपवृक्षही उजळला जातो.

वाद नावावरही होतो. सर्वधर्मीयांना सामावून घेण्यासाठी काही शासकीय संस्थांनी ‘ख्रिसमस ट्री’ऐवजी ‘हॉलिडे ट्री’ म्हणजे सुट्टीचे झाड असा शब्द वापरला. २०११ मध्ये ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर लिंकन चॅफी यांनी हा शब्द वापरल्याने मोठा गदारोळ झाला, आणि राज्यभवनातील दीपप्रज्वलनाच्या वेळी निषेध करणाऱ्यांनी ख्रिसमस ट्रीचे गीत गाऊन आपला विरोध नोंदवला. एकत्र आणणारे गाणे येथे घोषणेसारखे वापरले गेले. २०१३ मध्ये चॅफी यांनी पुन्हा जुना शब्द स्वीकारला.

महाराष्ट्र व गोवा

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. गोवा, वसई व मुंबईतील वांद्रे या भागांत डिसेंबरमध्ये गायकांचे गट घरोघरी जाऊन नाताळगीते गातात. मात्र येथील उत्सवात झाडापेक्षा ख्रिस्तजन्माचा गोठा आणि दारावरचा आकाशकंदिलासारखा तारा यांना अधिक महत्त्व आहे. मराठी ख्रिस्ती उपासनागीतांच्या परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्थान मोठे असून त्यांनी देशी छंद व चालींचा आधार घेतला. स्प्रूस व फर येथील उष्ण हवेत वाढत नसल्याने रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकले जाणारे झाड बहुधा दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरचे अरौकेरिया असते.

उत्सवानंतर

दिवे सामान्यतः नववर्षापर्यंत किंवा ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. तोडून आणलेल्या झाडांचा भुगा करून तो उद्यानांतील वाफ्यांत आच्छादन म्हणून पसरला जातो. रॉकफेलर सेंटरच्या झाडाच्या फळ्या २००७ पासून गरजू कुटुंबांसाठी घरे बांधणाऱ्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेला दिल्या जातात.